कृष्णवर्णीय अपंगांचा इतिहास वाचायचाय? कोल्हापुरात बसून लायब्ऱ्यांतून तो कसा शोधायचा

हा विषय घेऊन लायब्ररीत गेलं की सुरुवातीला हाताला काहीच लागत नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची पुस्तकं एका कपाटात, अपंगत्वावरची दुसऱ्याच कपाटात, आणि जी माणसं दोन्हीकडं असायला हवीत ती कुठंच दिसत नाहीत. पहिल्या कपाटात गुलामांना सोडवून आणणारी हॅरिएट टबमन भेटते पण तिच्या डोक्यावरची जखम एका ओळीत उरकलेली असते, दुसऱ्या कपाटात व्हीलचेअरवाल्यांची आंदोलनं असतात पण फोटोत बहुतेक सगळे गोरे. म्हणजे इतिहास नाही असं नाही, भरपूर आहे, फक्त विखुरलाय, आणि तो गोळा करायची एक रीत आहे. तीच इथं सांगतेय, जवळ फोन, एखाद्या वाचनालयाचं कार्ड आणि कामापुरतं इंग्रजी एवढ्यावर जमेल अशी.

आधी एक गोष्ट, कारण कोणीतरी विचारणारच की आपल्याला काय करायचंय तिकडचं. अहो, जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेबांनी 1946 मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस या तिकडच्या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिलं. 1972 ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती तिकडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ पक्षाकडं बघून. मराठी माणसाचं या इतिहासाशी नातं दीडशे वर्षांचं आहे, आणि शाहू महाराजांच्या गावात तर हे कोणाला समजावून सांगायची गरज पडू नये. फक्त या नात्यात अपंग माणूस आजवर फारसा आला नाही, तिकडच्याही पुस्तकांत नाही आणि आपल्याही चर्चेत नाही, आणि मला ते लई खटकतं.

पहिलं काम म्हणजे विषय सोडा आणि माणूस धरा. 'रेस अँड डिसॅबिलिटी' असं टाईप केलं की सगळा जड थिअरीचा माल समोर येतो आणि दोन दिवसांत माणूस कंटाळतो. त्याऐवजी एक नाव घ्या. टबमनच घ्या. मेरीलँडमध्ये गुलामीत जन्मली, पोरवयात एका मुकादमानं दुसऱ्याच गुलामाला मारायला फेकलेलं लोखंडी वजन तिच्या डोक्याला लागलं, आणि तिथून पुढं आयुष्यभर तिला झटके यायचे, बोलता बोलता मध्येच गाढ झोप लागायची. अशा अवस्थेत ती स्वतः पळाली, परत परत मेरीलँडला जाऊन सत्तरच्या आसपास माणसं सोडवून आणली, आणि यादवी युद्धात, 1863 मध्ये, काँबाही नदीवरच्या मोहिमेत उत्तरेच्या सैन्याला वाट दाखवून सातशेवर लोक मोकळे केले. आता तिच्यावरचं मिळेल ते पुस्तक घ्या, शाळकरी मुलांसाठीचं असलं तरी चालेल, आणि फक्त एवढंच बघा की ती जखम किती पानांवर येते. अपघात झाला, पुढं चला, असं लिहिलंय, की झटके येणाऱ्या बाईनं रात्रीच्या अंधारात दलदलीतून माणसं कशी नेली असतील याचा लेखकानं विचार केलाय. या एका प्रश्नावर पुस्तक कुठल्या डोळ्यानं लिहिलंय ते कळतं.

तसंच फॅनी लू हेमर यांचं. मिसिसिपीतली शेतमजूर बाई, घरातलं विसावं लेकरू, लहानपणी पोलिओ झालेला म्हणून लंगडत चालायच्या. 1961 साली गाठ काढायला दवाखान्यात गेल्या आणि डॉक्टरनं न विचारता गर्भाशयच काढून टाकलं. 1963 ला मतदार नोंदणीच्या प्रशिक्षणावरून परतताना विनोना गावच्या जेलमध्ये एवढं मारलं की किडनीला आयुष्यभराची इजा झाली. आणि 1964 ला टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर त्यांनी ही मारहाण देशाला ऐकवली. मताधिकाराच्या पुस्तकांत त्या हमखास सापडतील, अपंगांच्या इतिहासात क्वचित.

आता कोल्हापुरात सुरुवात कुठून. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून आहे, तिथं किंवा तुमच्या पेठेतल्या कुठल्याही वाचनालयात आधी मराठी वाचन करून घ्या, फुले, आंबेडकर, दलित पँथरवरची पुस्तकं, गुलामगिरीच्या इतिहासावर जे काही अनुवादित असेल ते. हे टाळू नका, कारण पाया मराठीत पक्का असला की इंग्रजी कागद वाचताना दमछाक होत नाही. त्यानंतर शिवाजी विद्यापीठाचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र. तुम्ही विद्यार्थी नसाल तर बाहेरच्या वाचकाला काय सोय आहे ते आधी फोन करून विचारा, ओळखपत्र काय लागेल, झेरॉक्स मिळेल का, कॉम्प्युटरवर डेटाबेस बघू देतात का. देवघेवीच्या काउंटरवर 'अपंगांचा इतिहास आहे का' असं विचारलं तर बिचारे शासकीय योजनांची पुस्तकं काढून देतील, त्यांचा दोष नाही. त्यापेक्षा आकडे घेऊन जा. बऱ्याच ठिकाणी पुस्तकं ड्युई पद्धतीनं, म्हणजे विषयाला ठरलेल्या आकड्यानं, लावलेली असतात, त्यात 973.0496 म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास, 305.896 म्हणजे आफ्रिकन वंशाचे लोक समाज म्हणून, 326 गुलामगिरी, 305.908 अपंग लोक समाज म्हणून, आणि 362.4 शारीरिक अपंगत्व आणि त्याच्या सेवा. या पाच ठिकाणी कपाटासमोर उभं राहून प्रत्येक पुस्तकाची मागची सूची उघडायची. कृष्णवर्णीयांच्या पुस्तकात आंधळे, बहिरे, पोलिओ, वेडाचं हॉस्पिटल शोधायचं आणि अपंगांच्या पुस्तकात कृष्णवर्णीय शोधायचे. सूचीत काहीच नसेल तर तेही वहीत लिहून ठेवा.

पायऱ्यांचं मात्र आधी विचारून घ्या. माझी मावसबहीण कुबड्यांवर चालते, एका ठिकाणी संदर्भ विभाग वरच्या मजल्यावर होता आणि लिफ्ट नाही, तर ती खालीच बसून राहिली. अपंग हक्क कायदा 2016 चा आहे, त्यात सार्वजनिक इमारतीत सगळ्यांना जाता येईल असं बघायचं बंधन आहे, तेव्हा मागायला लाजू नका. निदान पुस्तक खाली आणून द्या एवढं तरी सांगताच येतं, आणि चांगले ग्रंथपाल देतात.

खरा खजिना ऑनलाईन आहे, तिकडच्या लायब्ऱ्यांनी स्कॅन करून ठेवलेला, आणि बराचसा फुकट. पण एकदम उडी मारू नका, आधी हात बसवून घ्या. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्टच्या लायब्ररीत द्यू बॉइस यांची कागदपत्रं आहेत, तिथं सर्चमध्ये इंग्रजीत आंबेडकर टाका. बाबासाहेबांचं जुलै 1946 चं पत्र येतं आणि द्यू बॉइसनी 31 जुलैला दिलेलं उत्तरही येतं. पत्र डोळ्यांनी बघाच, अस्पृश्यांची आणि तिकडच्या कृष्णवर्णीयांची अवस्था इतकी मिळतीजुळती आहे की त्यांचा अभ्यास आपल्याला करावाच लागतो, असं बाबासाहेब तिथं म्हणतात. पण त्याबरोबर पत्राखालची नोंदही वाचा. तारीख, कोणी कोणाला, कुठल्या पेटीत कुठल्या फाईलमध्ये, कॉपीराईट कोणाकडं. ही नोंद वाचायची सवय लागली की जगातला कुठलाही संग्रह वापरता येतो. ओळखीच्या माणसाच्या पत्रावर हे शिकणं सोपं जातं.

मग हळूहळू बाकीचे. न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं शॉम्बर्ग सेंटर, आर्तुरो शॉम्बर्ग नावाच्या माणसानं जमवलेली पुस्तकं-कागदपत्रं 1926 ला तिथल्या पब्लिक लायब्ररीनं विकत घेतली त्यातून मोठं झालेलं, आज कृष्णवर्णीय संस्कृतीच्या मोठ्या संग्रहांपैकी एक. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जुनी वर्तमानपत्रं आणि फोटो. कॉर्नेल विद्यापीठाचा 'फ्रीडम ऑन द मूव्ह' हा प्रकल्प, ज्यात पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती जमवल्यात. या जाहिरातींवर मी जरा थांबते, कारण या विषयासाठी त्याच्याइतकं जिवंत साधन मला दुसरं दिसलं नाही. मालकाला माणूस परत हवा असतो म्हणून तो ओळख पटेल अशा खुणा देतो, एक डोळा नाही, डाव्या पायानं लंगडतो, दोन बोटं तुटलेली, बोलताना अडखळतो, पाठीवर वळ. चार-पाच ओळींची जाहिरात, पण त्यात एका माणसाचं अख्खं शरीर असतं, आणि ते शरीर तसं का झालं हे मालक शक्यतो लिहीत नाही. पळाला तो एकटा पळाला की बायकोमुलांसकट, लंगडत किती लांब गेला असेल, हे तुम्ही विचारायचं. एका बैठकीत दहापेक्षा जास्त जाहिराती वाचू नका, मनावर येतं.

इथंच एक मोठी खबरदारी. असे कागद ज्यांनी लिहिले ते मालक होते, डॉक्टर होते, सरकारी नोंदणीवाले होते, आणि अपंगत्व हा शब्द त्यांनी हत्यारासारखा वापरलाय. 1840 ची अमेरिकेची जनगणना बघा. त्यात असं दाखवलं की उत्तरेतल्या मोकळ्या कृष्णवर्णीयांमध्ये वेडाचं प्रमाण दक्षिणेतल्या गुलामांपेक्षा कितीतरी जास्त आहे. मग काय, परराष्ट्रमंत्री जॉन कॅलहून यांनी 1844 ला तेच पुढं करून गुलामगिरी कशी त्यांच्या भल्याचीच आहे हे सांगितलं. एडवर्ड जार्विस नावाच्या डॉक्टरनं आकडे तपासले तर काही गावांत एकही कृष्णवर्णीय राहत नव्हता आणि तरी तिथं कृष्णवर्णीय वेडे नोंदवलेले! जेम्स मॅक्यून स्मिथ, वैद्यकाची पदवी मिळवणारा पहिला आफ्रिकन अमेरिकन माणूस, त्यानंही ती आकडेवारी खोडून काढली. तरी ती अधिकृतपणे दुरुस्त झाली नाही. किंवा 1851 चा सॅम्युएल कार्टराईट घ्या, गुलाम पळून जातो तो एक आजारच आहे असं सांगून त्यानं त्या आजाराला नावसुद्धा दिलं. तेव्हा कुठल्याही जुन्या नोंदीत 'वेडा', 'मंदबुद्धी' असं दिसलं की आधी विचारायचं, हे कोणी लिहिलं आणि हे लिहून त्याला काय मिळणार होतं.

याचा शेवट कुठवर जातो ते ज्युनियस विल्सनच्या गोष्टीत कळतं. नॉर्थ कॅरोलिनातला बहिरा कृष्णवर्णीय माणूस, 1908 चा जन्म, त्याच्यावर खोटा आरोप आला, त्याच्या खुणा कोर्टात कोणाला समजत नव्हत्या, त्याला वेड्यांच्या हॉस्पिटलात टाकलं, शस्त्रक्रिया करून नपुंसक केलं, आणि 1970 च्या दशकात आरोप मागं घेतल्यावरसुद्धा तो तिथंच राहिला, 2001 ला मरेपर्यंत. सुसान बर्च आणि हॅना जॉयनर यांनी 2007 ला त्याचं चरित्र लिहिलंय, 'अनस्पीकेबल'. दोघींनी हॉस्पिटलचे कागद, कोर्टाचे कागद आणि नातेवाईक-ओळखीच्यांच्या मुलाखती जोडून ज्याचं स्वतःचं एक वाक्य लिहिलेलं नाही अशा माणसाचं आयुष्य उभं केलंय. कागदातून माणूस कसा काढायचा हे शिकायला यासारखं पुस्तक नाही.

सर्च करताना अजून एक अडचण येते, आजचे सभ्य शब्द टाकले की जुने कागद येतच नाहीत. इंग्रजीत 'आफ्रिकन अमेरिकन्स' आणि 'डिसॅबिलिटीज' टाकाच, पण त्यानंतर 'कलर्ड', 'नीग्रो', 'क्रिपल्ड', 'लेम', 'इन्फर्म', 'डेफ अँड डम्ब', 'हँडिकॅप्ड', 'असायलम' हेही टाकून बघा. ते शब्द शोधाच्या चौकटीत ठेवायचे, स्वतःच्या लिखाणात माणसाबद्दल वापरायचे नाहीत, एवढं पाळा.

मालकांचे कागद वाचून झाले की लगेच माणसांचा स्वतःचा आवाज शोधा, नाहीतर सगळा इतिहास नुसत्या जखमांचाच वाटायला लागतो. कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात बँक्रॉफ्ट लायब्ररी आहे, तिथं अपंग हक्क चळवळीतल्या लोकांच्या लांबलचक मुलाखतींचा संग्रह आहे आणि त्याची टंकलिखित पानं ऑनलाईन वाचता येतात. त्यातली जॉनी लेसी यांची मुलाखत मी प्रत्येकाला वाचायला सांगते. नर्सिंग शिकताना एकोणिसाव्या वर्षी पोलिओ झाला, पुढं स्पीच थेरपी शिकायला गेल्या तर विभागप्रमुखानं व्हीलचेअरमुळं नाकारलं. त्यांनी त्याला तोंडावर सांगितलं की मी नुसती बाई असते तर तुमची ही हिंमत झाली नसती, नुसती कृष्णवर्णीय असते तरी झाली नसती, मी अपंग आहे म्हणून तुम्ही हे करू शकता. नंतर त्यांनी हेवर्ड गावात अपंगांचं स्वतंत्र जगण्याचं केंद्र कितीतरी वर्षं चालवलं. अशी मुलाखत वाचताना घाई करू नका, प्रश्न विचारणाऱ्याचे प्रश्नही वाचा, कुठं लेसी विषय वळवतात, कुठं त्या हसतात, कुठं प्रश्नच चुकीचा असतो आणि त्या तो दुरुस्त करतात.

लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्येच 1936 ते 1938 मध्ये घेतलेल्या, गुलामीत जन्मलेल्या म्हाताऱ्यांच्या 2300 पेक्षा जास्त मुलाखती आणि 500 फोटो आहेत. त्यात अंध झालेले, अंथरुणाला खिळलेले, हात-पाय अधू झालेले लई जण बोलतात. पण मुलाखत घेणारे बहुतेक गोरे होते आणि काळ मंदीचा, काहींना वाटत होतं हे सरकारी लोक आहेत, पेन्शन मिळवून देतील. तेव्हा मालक चांगला होता असं कोणी म्हणालं की लगेच खरं धरून बसू नका.

आणि 1977. हे प्रकरण तर पूर्ण वाचाच. अपंगांशी भेदभाव करू नये असं 1973 च्या कायद्याचं कलम 504 सांगत होतं, पण नियमांवर सही होत नव्हती, म्हणून 5 एप्रिल 1977 ला सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत शंभरावर लोक घुसले आणि तिथंच राहिले. फोन तोडले तेव्हा बहिऱ्या आंदोलकांनी खिडकीतून खुणांनी बाहेर निरोप पोचवले. आत ब्रॅड लोमॅक्स होता, मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असलेला, व्हीलचेअर वापरणारा ब्लॅक पँथर, आणि त्याचा सोबती चक जॅक्सन. ब्लॅक पँथरचे लोक रोज ओकलंडहून गरम जेवण आणून देत होते, आतल्या सगळ्यांना, फक्त आपल्या माणसांना नाही. 28 एप्रिलला सही झाली. आता अभ्यासाची गंमत अशी की हे आंदोलन तुम्ही तीन ठिकाणी वाचून बघा, अपंग चळवळीवरच्या एखाद्या जुन्या पुस्तकात, ब्लॅक पँथर पक्षाच्या स्वतःच्या साप्ताहिकात, आणि सामी शाल्क यांच्या 'ब्लॅक डिसॅबिलिटी पॉलिटिक्स' या 2022 च्या पुस्तकात. शाल्क यांचं पुस्तक प्रकाशकानं सगळ्यांसाठी फुकट खुलं ठेवलंय, पीडीएफ उतरवून घ्या. तीन ठिकाणी लोमॅक्सला किती जागा मिळते ते शेजारी शेजारी लिहिलं की वेगळं काही समजावायला लागत नाही.

बहिऱ्यांच्या इतिहासासाठी मात्र वाचून भागत नाही, बघावं लागतं. दक्षिणेत शाळा वेगळ्या होत्या, कृष्णवर्णीय बहिऱ्या मुलांची पहिली शाळा 1869 ला नॉर्थ कॅरोलिनात राली इथं निघाली, आणि शाळा वेगळ्या म्हणून खुणांची भाषाही वेगळी घडली. गोऱ्यांच्या शाळांत खुणा बंद करून ओठांनी बोलायची सक्ती झाली तेव्हा यांच्या शाळांकडं तेवढं लक्षच कोणी दिलं नाही, त्यामुळं इथं खुणा टिकल्या, दोन्ही हातांच्या, मोठ्या, ऐसपैस. गॅलोडेट या बहिऱ्यांसाठीच्या विद्यापीठातल्या कॅरोलिन मॅकॅस्किल यांनी सहकाऱ्यांबरोबर 2011 ला यावर पुस्तक केलंय आणि त्याचे व्हिडिओही आहेत. लुईस मिलर या कृष्णवर्णीय आईनं आपल्या बहिऱ्या मुलाला बाहेर न पाठवता वॉशिंग्टनमधल्याच शाळेत घ्या म्हणून केस लढवली आणि 1952 ला जिंकली, तेही शोधा.

दृष्टिहीन वाचकांनी हे सगळं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची वाट बघू नये. पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हा फुकट आहे, अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक असतोच. 2016 पासून सुगम्य पुस्तकालय ही दृष्टिहीनांसाठीची ऑनलाईन लायब्ररी आहे, तशीच बुकशेअर आहे, आणि अशा वाचकांसाठी कॉपीराईट सैल करणारा मराकेश करार भारतानं 2014 ला सगळ्यात आधी मान्य केला, नंतर अमेरिकाही त्यात आली, त्यामुळं वाचता येईल अशा रूपातली पुस्तकं देशाबाहेरून आणायला कायद्याची आडकाठी राहिली नाही. जुन्या वर्तमानपत्रांची स्कॅन मात्र स्क्रीन रीडर वाचत नाही किंवा भलतंच वाचतो, तिथं दोघांनी मिळून बसायचं, एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं नोंद करायची.

वही कशी ठेवायची ते थोडक्यात, डाव्या पानावर कागदात जे आहे ते जसंच्या तसं आणि लायब्ररीचं नाव, पेटी, तारीख, उजव्या पानावर तुमचे प्रश्न. मिसळू नका. महिनाभरानं उजवं पान जास्त कामाला येतं.

आणि हे वाचत असताना कोल्हापूर सोडू नका. नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' कुठल्याही वाचनालयात मागा, सोळाव्या वर्षाच्या आसपास पाय गेलेली मुलगी, पुढं 1984 ला याच गावात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी करते. लेसींची मुलाखत आणि हे पुस्तक एकापाठोपाठ वाचा, खुर्ची, जिना, नोकरी, बाईपण, सगळीकडं दोघी एकमेकींशी बोलताहेत असं वाटतं. जात आणि अपंगत्व दोन्ही सोसलेल्या आपल्याकडच्या माणसांच्या अशा मुलाखती कुठल्या लायब्ररीत आहेत हे ग्रंथपालांना विचारा, आणि नसतील तर आपणच करायच्या. बँक्रॉफ्टनं केलं ते फोनवरही होतं. मोकळा वेळ घेऊन जा, घरच्यांना बाजूला बसवा पण उत्तरं त्या माणसालाच देऊ दे, 'तुमचं दुःख सांगा' असं विचारू नका, शाळेत कसं जायचा, पहिला पगार कुठं मिळाला, दाखला काढायला किती खेपा झाल्या, एसटीत कोण उचलून घ्यायचं, असं विचारा. बहिऱ्या माणसाची मुलाखत असेल तर त्यांच्या खुणा कळणारा माणूस सोबत न्या आणि व्हिडिओच करा. सुरुवातीलाच रेकॉर्डिंगवर परवानगी घ्या, नाव वापरायचं का तेही विचारा, फाईलला तारीख आणि गाव द्या. नंतर सगळं रेकॉर्डिंग त्यांना परत ऐकवा, नको असलेला भाग काढून टाका, एक प्रत पेनड्राईव्हवर त्यांच्या हातात द्या, आणि दुसरी वाचनालयात ठेवायची की नाही ते त्यांनाच ठरवू दे.